आवाज उतरवून घ्यायचा राहिला

सिताबाईच्या नवऱ्याचा, गोरोबाचा, आवाज म्हणजे आवाज होता. सास्तूरच्या शिवारात बांधावर उभं राहून त्यानं शेरडांना हाळी दिली की ओढ्यापलीकडची माणसंसुद्धा मान वर करायची. घरात बसूनही तो बायकोला तशीच हाक मारायचा. "कान फुटलं न्हाईत माझं अजून," म्हणून ती आयुष्यभर करवादत आली, आणि विड्या फुकू नका म्हणूनही. दोन्हीतलं एकही त्यानं मनावर घेतलं नाही. मग एकदा घसा बसला तो बसलाच, आणि सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, बोलणं जाईल.

लेक वर्षाराणी उमरग्याला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायची. रडून झाल्यावर तिनं एक प्रोग्रॅम शोधून काढला. माणसाची वाक्यं त्याच्याच आवाजात भरून ठेवायची. पुढं पडद्यावरच्या चौकटीवर बोट ठेवलं की लॅपटॉप ती बोलतो. न भरलेलं वाक्यही त्याच आवाजातून जुळवता येतं म्हणे, पण त्यासाठी आधी भरपूर बोलून ठेवावं लागतं, मोबाइलवरचं फाटकं बोलणं चालत नाही.

घरातला लॅपटॉप होता जुनाट. बॅटरी कधीच मेलेली, वायरवरच चालायचा. विंडोज सुरू होईस्तोवर चहा उकळून गाळून व्हायचा, आणि हा प्रोग्रॅम उघडला की गाडं जागच्या जागी रुतायचं. दुकानदार म्हणाला, नवाच घ्या.

"आपरेशन तोंडावर आलंय अन् तुला नवा लॅपटॉप सुचतोय व्हय?" सिताबाई लेकीवर उखडली. "हाय त्यात भागव."

मग क्लासवरच्या कुमार सरांनी एक पेनड्राइव्ह दिला. त्यात विंडोजच्या जागी दुसरंच काही होतं, लिनक्स नावाचं. "हे पेनड्राइव्हवरूनच चालतं, आतल्या जुन्या गोष्टींना धक्का लागत नाही," सर म्हणाले. "आधी वापरून बघा. मशीननं पेललं तर नवं कशाला घेता? फक्त एक ध्यानात ठेवा, हे बघण्यापुरतंच आहे. जे काही कराल ते मशीन चालू आहे तोवरच राहील. बंद केलं की पाटी कोरी. म्हणून बंद करायच्या आधी दुसरीकडं उतरवून घ्या."

आणि चाललं की. तो म्हातारा लॅपटॉप असा पळायला लागला की वर्षाराणीला राहवेना. तिनं क्लासवरचा माइक आणलेलाच होता. उतरवून घ्यायला दुसरा पेनड्राइव्ह नव्हता, तो उद्या उमरग्याहून आणू म्हणाली आणि बापाला समोर बसवलं. सकाळी त्याचा घसा जरा मोकळा असायचा. आज हातचं सोडायचं नाही, असंच तिला वाटलं. त्या दिवशी लाइटही गेली नाही. एरवी जीव खाते, त्या दिवशी गेली नाही.

गोरोबा आधी लाजला. मग बोलत सुटला. पाणी दे. भूक न्हाय. शेरडं आली का? दुखतंय. कोण हाय बाहेर? मध्ये चहा घ्यायचा, खाकरायचा, पुन्हा सुरू. बसक्या घशानंच शेरडांची हाळी दिली, तरी माइकच फाटतो की काय असं झालं, आणि गोठ्यातली शेरडं खरोखर ओरडली. वर्षाराणी हसता हसता डोळे पुसत होती.

"आता घरातल्यांची नावं घ्या, अण्णा."

त्यानं लेकीचं नाव घेतलं, आणि गप्प झाला.

"आईचं?"

आत सिताबाईचा हात पिठाच्या परातीत थांबला. लग्न झाल्यापासून 'ऐकलंस का' आणि 'अगं ए' याच्या पुढं हा माणूस गेला नव्हता. "सिता," तो म्हणाला. मग जरा थांबून पुन्हा, हळू, "सिता." मेल्याला आता सुचतंय, असं ती मनात म्हणाली, आणि तिला फार बरं वाटलं. अशा वेळी बरं वाटतंय म्हणून लाजही वाटली.

दुपार कलल्यावर सोलापूरहून फोन आला. खाट मोकळी झाली होती. आजच आणा, उद्या पहिलंच ऑपरेशन यांचं. मग एकच धांदल. शेजारच्या मल्लेशनं जीप काढली. वर्षाराणी बापाला घेऊन पुढं निघाली, आणि जीपमध्ये पाय ठेवता ठेवता आईला बजावून गेली, "लॅपटॉपला हात लावू नको. चालूच राहू दे. परवा येऊन मी सगळं उतरवून घेते."

सिताबाईनं मागं राहून भाकरी बांधल्या, शेरडं शेजारणीच्या हवाली केली, आणि घर सोडताना जे आजवर करत आली तेच केलं. वळवाचे दिवस, विजा पडतात. मागल्या साली गल्लीतलं एक घर वायर जळून काळंठिक्कर पडलं होतं. तिनं भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणं खटाखट बंद केली आणि कुलूप लावलं. लॅपटॉपला तिनं बोटसुद्धा लावलं नाही.

ऑपरेशन झालं. ठरल्याप्रमाणे वर्षाराणी नवा पेनड्राइव्ह घेऊन गावी येऊन गेली. परत सोलापूरला आली तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर आईशेजारी बसली.

"आई, निघताना बोर्ड बंद केला होतास?"

"केला की. घर सोडताना चालू ठिवत्यात व्हय?"

लेकीनं तिला सगळं सांगितलं, वीज तुटली तसा लॅपटॉप बंद पडला आणि अण्णांचा आवाज पुसला गेला. दोष दिला नाही, उलट म्हणाली, माझंच चुकलं, मी नीट सांगायला हवं होतं. आपल्या हातानं आपण काय केलं ते कळायला सिताबाईला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिला स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटला.

गोरोबाला तिनंच सांगितलं. लेकीला सांगू दिलं नाही. "म्या बटण बंद केलं. गेलं सारं." त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. शिवी असेल, नाहीतर जाऊ दे असेल. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा आली. मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

वर्षाराणीनं शेवटी नवा लॅपटॉप घेतलाच. या वेळी सिताबाई चकार शब्द बोलली नाही. आवाज मात्र त्यात प्रोग्रॅमबरोबर आलेला होता, कुण्या शहरातल्या शिकलेल्या माणसाचा, एस.टी. स्टँडवर गाड्या सांगतात तसला. गोरोबाला चौकटी दाबायला शिकवून लेक कामावर गेली.

सिताबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. बाहेरच्या खोलीतून एक परका पुरुष म्हणाला, "कृपया पाणी द्या."

तिनं हात झटकले, डोक्यावर पदर घेतला, पुढं ओढला, आणि कोण आलंय ते बघायला खाली मान घालून बाहेर आली. उंबऱ्यापाशी कुणाचं पायताण नव्हतं. खोलीत गोरोबाच होता. बोट अजून चौकटीवर होतं, आणि तो तिच्या डोक्यावरच्या पदराकडं बघत होता.

तिनं पदर मागं सारला, पण त्याचं बघून झालं होतं. त्यानं लॅपटॉपचं झाकण लावलं. त्यानंतर तहान लागली की तो स्वतःच उठून पाणी घ्यायचा.