बशीवरून जाणारा रूट

जावई नकाशे काढून पोट भरतो, ही गोष्ट टपालवाल्यांच्या घशाखाली कधी उतरलीच नाही.

आणि नकाशे तरी कसले? सायकलवाल्यांसाठी. चांगला गुळगुळीत डांबरी रस्ता सोडायचा आणि मुद्दाम खडीतून, माळावरून, नदीच्या खोऱ्यातून हाडं खिळखिळी करत जायचं, त्याला म्हणे ग्रॅव्हल बाईकिंग. टपालवाल्यांनी एकतीस वर्षं हेच केलं होतं. खांद्याला टपालाची पिशवी, बुडाखाली एका गिअरची लोखंडी सायकल. त्याला तेव्हा नोकरी म्हणत. आता तेच करायला लोक रजा टाकून येत होते, वर घट्ट चड्ड्या आणि काळे गॉगल घालून.

"रजा टाकतात हो, चिखलात पडायला!" ते बायकोला सांगत.

"तुम्हाला भरपगारी पडायला मिळालं. मग जळताय कशाला?" बायको म्हणे.

जळत नव्हते असं नाही. पूर्वी माळाचा विषय निघाला की लोक टपालवाल्यांकडे बघत. कुठला ओढा कधी फुगतो, कुठल्या घरचं कुत्रं चावरं, सगळं त्यांना तोंडपाठ. आता लोक जावयाकडे बघत. आणि हा गडी कुठे असे? दोन स्क्रीन लावलेल्या खोलीत, उन्हाची तिरीप नको म्हणून पडदा ओढून! उपग्रहाने काढलेले फोटो मोठे करून करून बघायचा आणि त्यावर लाल रेघ ओढायचा. झाला रूट. असल्या माणसाला पोरीने पसंत केलं, तेव्हाच टपालवाल्यांनी कपाळाला हात लावला होता. तेव्हापासून ते त्याला न चुकता 'अहो जावईबापू' म्हणत, म्हणजे त्यालाही बोचेल आणि कुणाला नावही ठेवता येणार नाही.

मंगळवारी दुपारी जावईबापू नकाशाची गुंडाळी घेऊन घरी आले. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडली.

"बाबा, शनिवारी या नव्या रूटचं उद्घाटन आहे. चाळीस जण येणार आहेत, पेपरचा फोटोग्राफरही येणार आहे. तेवढं एकदा नजरेखालून घाला ना."

"माझी कशाला नजर? तुमचा तो आकाशातला डोळा आहे की."

"त्याला सगळं नाही दिसत," जावई म्हणाला. नम्रपणे म्हणाला. त्या नम्रपणाने टपालवाल्यांच्या अंगाची आणखीच आग झाली. भांडेल तर शपथ!

त्यांनी चष्मा लावला. रेघ नदीच्या काठाने वर चढत होती, मेंढ्यांच्या कुंपणाला वळसा घालून माळावर येत होती आणि पुढे वाळवून चुलीत जाळायला दलदलीतली काळी माती कापून नेणाऱ्यांच्या जुन्या वाटेला लागत होती. इथवर ठीक. ती वाट पुढे एका हिरव्या गोल ठिपक्यापाशी संपत होती. ठिपक्याच्या पलीकडून तशीच दुसरी वाट निघत होती, अगदी तिच्या समोरून. जावयाने काय केलं, तर दोन्ही वाटा सरळ जोडून टाकल्या.

आता ही चूक पडद्याआड बसलेला माणूसच करणार. त्या दोन वाटा एक नव्हत्याच कधी. अलीकडचे लोक अलीकडून माती कापत आले, पलीकडचे पलीकडून. मधे जे उरलं ते कुणीच कापलं नाही, कारण तिथे उभं राहायला जमीनच नव्हती. टपाल वाटणारे सगळेच त्या जागेला बशी म्हणत. वरून गवत कसं हिरवंगार, आणि खाली माणूस गिळेल एवढा काळा चिखल.

जावयाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "इथे कसं आहे, बाबा? मला इथेच जरा शंका आहे."

सांगायला दोन शब्द पुरले असते. पण टपालवाल्यांच्या डोळ्यांपुढे शनिवार उभा राहिला. जावईबापू सगळ्यांच्या पुढे, गॉगल लावून. मग बुळुक! कमरेपर्यंत आत. मागे चाळीस जण थांबलेले, दोर टाकून ओढताहेत, आणि फोटोग्राफर फोटो काढतोय. कुणी मरणार नव्हतं. जिरणार होती, एवढंच.

"छान आहे की," ते म्हणाले. "सरळ जायचं."

जावई मनापासून आभार मानून गेला. पुढचे दोन दिवस टपालवाले इतक्या खुशीत होते, की बायकोने त्यांना दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना म्हणून.

गुरुवारी सकाळी ते दाढी करत होते. बायको स्वयंपाकघरातून बोलत होती, रोजच्यासारखं, अर्धं भांड्यांशी आणि अर्धं त्यांच्याशी.

"जावयांना ताप भरलाय. रूटवर पाट्या लावायच्या राहिल्यात म्हणून पोरगीच गेली, सात वाजता."

"कुठे गेली?"

"माळावर, सायकल घेऊन. मी म्हटलं, एकटी कशाला? तर म्हणाली, बाबांनी रूट बघितलाय, मग काळजी कसली."

टपालवाल्यांच्या गालावर साबण तसाच राहिला. त्यांनी पोरीला फोन लावला. लागेना. माळावर कधीच लागत नसे.

"जावयाला सांग, गाडी काढ म्हणावं!" ते दारातून ओरडले. "आणि दोर घे म्हणावं! मेंढ्यांच्या कुंपणाच्या पुढे. मंगळवारी नकाशावर त्याने बोट ठेवलं होतं ना, तिथे!"

बायको बघतच राहिली. मग फोनकडे धावली.

त्यांनी सायकल काढली. गुडघे केव्हाच कामातून गेले होते, पण त्या दिवशी त्यांना कोण विचारतो! नदीकाठचा चढ चढताना दम इतका लागला, की देवाला हाक मारायलाही श्वास उरला नाही. स्वतःला मात्र ते शिव्या देत होते, मनातल्या मनात, एकतीस वर्षांत शिकलेल्या सगळ्या.

पोरगी छातीपर्यंत आत होती. तिची सायकल आडवी पडली होती, जाड टायरांमुळे पुरती बुडाली नव्हती, आणि तिच्यावर एक हात टाकून ती तग धरून होती. दुसरा हात मनगटातून भलतीकडेच वळला होता.

"बाबा, पुढे येऊ नका! खाली काहीच नाहीये!" ती ओरडली.

हे ती त्यांना सांगत होती.

ते पोटावर झोपले आणि सरपटत जाऊन त्यांनी तिच्या जॅकेटची कॉलर पकडली. धरून ठेवता येत होतं, ओढता येत नव्हतं. बोटं बधिर झाली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मागून जावई धावत आला, तापाने लालबुंद, खांद्यावर दोर घेऊन, आणि त्याने दोघांनाही बाहेर काढलं.

दवाखान्यात पोरीच्या हाताला प्लास्टर घातलं. बायको पायाशी बसली होती, जावई उशाशी. टपालवाले भिंतीला टेकून उभे होते, अंगावरचा चिखल वाळत होता.

"पण बाबा," पोरगी म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात सरळ जायचं."

बायकोने मान खाली घातली. जावयाला तो दोराचा निरोप तिनेच दिला होता, शब्दन् शब्द.

टपालवाल्यांनी तोंड उघडलं. पण ते काही बोलायच्या आत जावई बोलला.

"विसरले गं ते. नऊ वर्षं झाली माळावर जाणं बंद होऊन. वय होतं माणसाचं. मीच जाऊन बघायला हवं होतं."

एवढं बोलून त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, सरळ, पापणी न हलवता. याला सगळं कळलंय, हे टपालवाल्यांना त्या क्षणी कळलं. आणि तरी तो त्यांना ही पळवाट देत होता. घ्यायची तर घ्यावी, नाहीतर खरं बोलायला तोंड होतंच.

"हो," टपालवाले म्हणाले. "विसरलोच मी."

पोरीचे डोळे भरून आले. तिने चांगल्या हाताने त्यांना जवळ बोलावलं आणि लहान मुलाचा पुसावा तसा त्यांचा गाल पुसला. चिखलाखाली अजून साबण होता.

"आता एकटे माळावर जायचं नाही हं, बाबा."

"नाही जाणार," ते म्हणाले.