अक्काचा निरोप

खडूची पांढरी पूड अक्काच्या उजव्या हाताच्या बोटांवर कायमची वस्तीला आल्यासारखी होती. शाळेतून आल्यावर ती हात स्वच्छ धुवायची, तरी नखांच्या कडांशी एक बारीक रेघ उरायचीच. आणि हिवाळ्यातल्या कलत्या उन्हात तिनं चहाची कपबशी उचलली की ती बोटं क्षणभर उजळून निघायची. समोर बसलेल्या दाजींच्या कपाळावर त्या वेळी सकाळची विभूती पुसट होत आलेली असे. एकाच घरात नांदणारे हे दोन शुभ्र रंग, एक फळ्यावरून आलेला आणि एक पूजेतून उठलेला, मी कितीतरी वर्षं जवळून पाहिले. ते कधी एकमेकांत मिसळले नाहीत, आणि एकमेकांवाचून त्यांना करमलंही नाही.

अक्का माझी थोरली बहीण. गडहिंग्लजकडचं आमचं माहेर, घरात निम्मी कानडी, म्हणून ताई न म्हणता अक्का. मला कोल्हापुरात टेलिफोनच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा शुक्रवार पेठेतल्या तिच्या घराची माडी मला मिळाली, आणि लग्नाचा विषय मागे पडत गेला तशी मी तिथलीच झाले. अक्का मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. कोल्हापूरच्या बायकांसारखी तीही ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच बोलायची, आणि तिच्या ठाम, किंचित घोगऱ्या आवाजाला ते शोभायचं. देव नाही, या निष्कर्षाला ती कॉलेजात असतानाच पोचली होती. कुठला आघात झाला नव्हता, कुणाशी भांडण नव्हतं. पावसाळा सरल्यावर नदीचं पाणी आपसूक नितळत जातं तसं तिचं मन नितळत गेलं, आणि तळाशी तिला देव दिसला नाही, इतकंच. आमच्या लिंगायत घरात गळ्यातलं इष्टलिंग शेवटच्या श्वासापर्यंत उतरवत नाहीत. तिनं ते उतरवून आईच्या हातात दिलं. दाजी तिला बघायला आले तेव्हा तिनं स्वतःच सांगून टाकलं, की माझ्या गळ्यात लिंग नसणार, चालत असेल तर पुढं बोला. दाजी म्हणाले, “माझ्या गळ्यात हाय की. एका घराला एक पुरं.”

दाजींची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. ढेपेवर नुसता अंगठा दाबून ते गुळाची जात सांगत, आणि त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. उंच, संथ चालीचा माणूस. थंडीच्या दिवसांत घरात आले की कपड्यांबरोबर ताज्या गुळाचा उबदार वास घेऊन यायचे. पहाटे स्नान करून ते पाटावर बसत, गळ्यातल्या चांदीच्या करंड्यातलं आवळ्याएवढं काळंभोर लिंग डाव्या तळहातावर घेत, बेलाचं पान वाहत, आणि मग इतक्या निश्चल नजरेनं त्याच्याकडे बघत राहत, की भोवतीचा उजेडही काही वेळ थांबल्यासारखा वाटे. अक्का तेव्हा स्वयंपाकघरात असे. पूजा संपेपर्यंत ती भांड्याला भांडं लागू देत नसे.

त्यांचा वाद रविवारी दुपारी चाले. मागच्या अंगणात शेवग्याचं झाड होतं. त्याच्या बारीक पानांतून गाळलेलं ऊन दोघांच्या अंगावर थरथरत असायचं. विश्व कुणी केलं, आणि ज्यानं केलं त्याला कुणी केलं. चांगल्या माणसाच्या वाट्याला दुःख का. प्रार्थनेनं काही बदलतं, की प्रार्थना करणाराच तेवढा बदलतो. अक्का एकेक मुद्दा फळ्यावर मांडावा तसा मांडायची आणि दाजी तो शांतपणे ऐकून घेऊन शेवटी मान हलवायचे. उत्तर त्यांच्याकडे फार वेळा नसायचं, आणि नसण्याची त्यांना लाजही नसायची. दोघांच्या मधे त्यांची लेक गौरी मटार सोलत बसायची आणि दाणे दोन वाट्यांत टाकत निकाल द्यायची: हा आईचा, हा आप्पांचा. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. त्या दुपारी इतक्या भरलेल्या होत्या की त्यांतून काही उणं होऊ शकेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

गौरी नवव्या वर्षी गेली. भाद्रपद होता, पाऊस थकून मधूनच पडत होता. ताप मेंदूत चढला आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळं संपलं. आमच्या रिवाजाप्रमाणे तिला बसवून मातीत ठेवलं, इवल्याशा तळहातावर इवलंसं लिंग दिलं. अक्का जागेवरून हलली नाही आणि तिनं ते नको असंही म्हटलं नाही. भेटीला आलेल्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी उंबऱ्यात बसून हलक्या आवाजात बोलून दाखवलं, की आईच्या नाकारण्याचं फळ लेकरानं भोगलं. दाजी आतून बाहेर आले. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही आवाज चढला नाही. “माझ्या घरात असलं बोलायचं न्हाई,” एवढंच म्हणाले, आणि त्या गृहस्थांच्या चपला स्वतःच्या हातानं त्यांच्यापुढं ठेवल्या.

त्यानंतर बरेच महिने शेवग्याखाली कुणी बसलं नाही. मग एका रविवारी दोघं पुन्हा बसले, पण वादाचा विस्तार गेला होता. विश्व, कर्ता, न्याय, सगळं बाजूला पडलं आणि एकच प्रश्न उरला. पलीकडे काही आहे का. दाजींना वाटायचं, आहे. आणि गौरी तिथं भेटेल. अक्का त्यांच्याच शास्त्राचा आधार घेऊन त्यांना अडवायची. आपल्यात मेलेल्या माणसाला लिंगैक्य म्हणतात, ती म्हणायची. ऐक्य म्हणजे मिसळून जाणं. मग भेटायला उरलं कोण? समुद्रात पडलेला थेंब तुम्ही कसा ओळखणार? दाजींनी वरच्या शेंगांकडे पाहिलं. “शास्त्र काय म्हनतं ते तू म्हनतीस तेच असंल,” ते म्हणाले. “मी शास्त्र सांगत न्हाई. माझी लेक मला वळखंल, एवढंच सांगतोय.”

मी तिथंच बसले होते, आणि अक्काच्या चेहऱ्यावर मला हरल्याची खूण दिसली नाही. दिसलं ते काहीसं विसाव्यासारखं. त्याचा अर्थ कळायला मला पुढची दहा वर्षं लागली. ती दहा वर्षं तशीच गेली. दाजी दर सोमवारी दफनभूमीत बेल घेऊन जात. अक्का तिकडं कधी गेली नाही. रविवारी वाद होई, ती नाही म्हणे, ते आहे म्हणत, आणि त्या ‘नाही’ आणि ‘आहे’च्या मधल्या अरुंद जागेत गौरी आठवड्यातून एकदा येऊन बसून जाई.

मग दाजींना यकृताचा आजार निघाला. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळं तपासून त्यांना घरी न्यायला सांगितलं. मार्गशीर्ष होता. गुऱ्हाळं पेटली होती, गावाबाहेरून येणाऱ्या वाऱ्याला उकळत्या रसाचा गोड, धुरकट वास होता, आणि तो वास सहन होत नाही म्हणून दाजींच्या खोलीची खिडकी आम्ही लावून घेत होतो. उन्हाला धार नव्हती. दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं घर मंद होऊन जाई.

एका सकाळी अक्कानं पाणी, विभूती, बेल असं सगळं उशाशी आणून ठेवलं, तर दाजी म्हणाले, आज नको. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. अशक्तपणा असेल, असं मला वाटलं. चौथ्या दिवशी अक्कानं कारण विचारलं. दाजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि ढेपेवर अंगठा दाबून ती कशी आहे हे सांगावं तितक्या सहज सांगितलं, “तुझंच खरं हाय बघ. पलीकडं काय न्हाई. हितं पडून रोज बघतोय. पोर गेली ती गेली.”

वीस वर्षांचा वाद अक्का त्या क्षणी जिंकली होती. मी दारात दूध घेऊन उभी होते. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा उलट बाजूनं बोलायला लागली. कुणी बघून आलंय का, म्हणाली. जे मोजता आलं नाही ते नाहीच असं विज्ञानही म्हणत नाही, म्हणाली. मुलींना शिकवताना जी वाक्यं ती शंकेच्या बाजूनं वापरायची तीच आता आशेच्या बाजूनं एकामागून एक मांडत गेली. घाईघाईनं, अडखळत, एखाद्या परक्या भाषेत बोलावं तशी. दाजी बारीक हसले.

“तुला खोटं बोलाय येत न्हाई,” ते म्हणाले.

“खोटं न्हाई,” अक्का म्हणाली. “मला मानायला जमत न्हाई, कधीच जमलं न्हाई. तुम्ही मानत हुता म्हणून मी न्हाई म्हणत ऱ्हायलो. तुम्ही सोडलं तर पोरीला कुणीच धरलेलं न्हाई.”

मग तिनं त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला, करंडा उघडला आणि लिंग त्यांच्या तळव्यावर ठेवलं. खालून तिनं आपला हात आधाराला लावला. विभूती तिनं लावली, बेल तिनं वाहिला. दाजींनी हात काढून घेतला नाही. त्या दिवसापासून शेवटच्या सकाळपर्यंत ती पूजा रोज अशीच होत राहिली: एक विश्वास न ठेवणारी आणि एक विश्वास गमावलेला, आणि दोघांच्या एकावर एक ठेवलेल्या हातांवर तो काळा, अबोल ठिपका. लोक म्हणाले, बाई शेवटी देवाला शरण आली. अक्कानं कुणाचा समज खोडून काढला नाही.

पौषातल्या एका दुपारी दाजी बराच वेळ शुद्धीवर होते. ऊन खिडकीच्या गजांतून आत येऊन चादरीवर पडलं होतं. त्यांनी अक्काला जवळ बोलावलं, आणि अगदी गडहिंग्लजला निघाल्यासारखं विचारलं, “गौरीला काय निरोप हाय का?”

गेलेला विश्वास परत आला होता, की तो परत आलाय असं अक्काला वाटावं म्हणून त्यांनी केलेली ती शेवटची माया होती, हे मला आजही सांगता येत नाही. अक्कानं तोंड उघडलं. ओठ हलले. पण आयुष्यभराचा प्रामाणिकपणा आडवा येऊन उभा राहिला आणि त्यानं शब्दाला वाट दिली नाही. दाजींनी वाट पाहिली. चादरीवरचं ऊन गजागजानं सरकत गेलं. मग त्यांनी हळूच तिचा हात थोपटला, असू दे म्हणाल्यासारखा, आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्यांना बसवलं तेव्हा तळहातावर लिंग अक्कानं ठेवलं. त्यांची जागा गौरीशेजारी होती.

अक्का पुढं पाच वर्षं होती. शाळेतून निवृत्त झाली, शेवग्याच्या शेंगा काढत राहिली, वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिली. रविवारी मी तिच्यासमोर जाऊन बसायची, देव असेल असं काहीबाही म्हणायची. पण माझ्या ‘आहे’मध्ये वजन नव्हतं, हे तिला पहिल्याच वाक्यात कळायचं. “शके, ऱ्हाऊ दे,” ती मला म्हणायची. “आता न्हाई म्हणायला बी कुणी समोर उरलं न्हाई.” त्या आवाजातला ठामपणा कधी ओसरला ते माझ्या लक्षात आलं नाही. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी रोज बोटभर उतरतं आणि एके दिवशी तळाच्या भेगा दिसतात, तसं झालं.

एकदाच मी तिला विचारलं, की दाजींनी विचारलं तेव्हा सांगायचं काय होतं. ती गवारीच्या शेंगा निवडत होती. हात थांबले नाहीत.

“ताप आला त्या सकाळी, आदल्या दिवशीचा डबा संपवला न्हाई म्हणून मी तिला बोललो,” ती म्हणाली. “ती गप बसली हुती. आजारी हाय हे मला कळलंच न्हाई. आई रागावलेली न्हाई, एवढं सांगायचं हुतं. एक वाक्य. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

मी तिच्यापुढच्या मूठभर शेंगा निवडायला घेतल्या.

अक्कानं देहदानाचा अर्ज फार पूर्वी भरून ठेवला होता. दाजी गेल्यावर ती तो बदलेल असं मला वाटलं होतं. तिनं बदलला नाही. ती गेली तेव्हा गाडी आली, दोन माणसांनी अदबीनं तिला उचललं आणि गल्लीच्या टोकाला गाडी वळली. बापलेकीच्या शेजारची तिसरी जागा रिकामीच राहिली. त्या दोघांसाठी निदान माती आहे. सोमवारी मी आता तिथं जाते, बेल ठेवते. अक्कासाठी जावं असं कोल्हापुरात कुठंच काही नाही.

अक्का ज्या वयात गेली ते वय मी कधीच ओलांडलं. देव आहे की नाही, हे मला त्या दोघांसारखं कधी ठरवता आलं नाही. पलीकडे काही नसेल, तर ते एक वाक्य माझ्याबरोबर संपेल. आणि असेलच काही, तर अक्का केव्हाच तिथं पोचून ते आपल्या तोंडानं सांगून मोकळी झाली असेल. कसंही असलं तरी माझी त्यात गरज नाही, हे मला समजतं. पण वर्षं जातात तसे गौरीचा चेहरा, दाजींची चाल, अक्काचे डोळेसुद्धा पुसट होत चालले आहेत, आणि जे कधी बोललंच गेलं नाही, ते मात्र रोज अधिक स्वच्छ ऐकू येतं.