मी, सतरा हजार दोनशे शहाण्णव

मी सतरा हजार दोनशे शहाण्णव बोलतोय. दचकू नका. संख्याही बोलतात, ऐकायला जरा धीर लागतो एवढंच. मला जन्म नाही, जन्मदाता नाही. मी होतोच, माणसांना सापडायला उशीर झाला.

मला पूर्ण भाग जाणाऱ्या, माझ्याहून लहान अशा एकोणीस संख्या आहेत. त्यांची बेरीज होते अठरा हजार चारशे सोळा. आता त्या अठरा हजारवाल्याचे असेच भाजक मिळवा, येतो मी! म्हणून आम्हाला मित्रसंख्या म्हणतात. मला या मैत्रीचा फार अभिमान. आणि माझ्याच पायी दोन मित्र तुटले.

सहा-सातशे वर्षांपूर्वी, कैरोच्या पार पश्चिमेला असलेल्या फास शहरात अल्लाल आणि शुऐब एकाच धूळपाटीवर गणित शिकले. पुढे शुऐब कैरोला गेला आणि तिथलाच झाला. पंचवीस वर्षांनी त्याला मी सापडलो. त्याने अल्लालला लिहिलं, ‘ही जोडी म्हणजे तू आणि मी.’ तेव्हा तिकडे आकडे अरबी अक्षरांनी लिहीत, प्रत्येक अक्षराची किंमत ठरलेली. माझे हजार त्याने शब्दांत लिहिले, उरलेला मी तीन अक्षरांत.

अल्लालने बेरीज केली. उत्तर नऊ हजारांच्या घरात! पुन्हा केली, तेच. ‘‘मला येड्यात काढतो काय?’’ म्हणत त्याने एका शब्दाचं उत्तर धाडलं : खोटारडा.

मी त्या कागदावर धडधडीत उभा होतो. पण ओरडणार कसा?

चार वर्षांनी थकलेला शुऐब स्वतःच दारात आला. अल्लालने कडी काढली नाही.

‘‘उद्या काफिला निघतोय रे. पुन्हा यायचं या गुडघ्यांना जमणार नाही.’’

‘‘सुखरूप जा,’’ अल्लाल आतूनच म्हणाला.

त्याची लेक तामो भाकरीचं पीठ घेऊन बसली होती. ‘‘बाबा, दुसऱ्या आकड्याचे भाजक मिळवलेत कधी?’’

‘‘पहिलाच खोटा, तर दुसऱ्याला कशाला हात लावू?’’

तिने परातीतल्या पिठातच बोटाने हिशेब मांडला. जेमतेम नऊ भाजक. ‘‘इथे शेवटी दोनशे शहाण्णव येतंय. पत्रात काय आहे?’’

‘‘दोनशे सहासष्ट. हे बघ, मधलं अक्षर साद.’’

‘‘साद म्हणजे आपल्याकडे साठ. कैरोत?’’

कैरोत साद म्हणजे नव्वद. हे अल्लालला ठाऊक होतं. पण शुऐब पडला फासचा. तो परक्यांसारखं लिहील हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

अनवाणीच तो काफिला उतरलेल्या सराईकडे धावला. ‘‘गाढवा, आपली अक्षरंसुद्धा विसरलास?’’

‘‘मी अक्षरं विसरलो,’’ शुऐब म्हणाला, ‘‘तू मला विसरलास.’’

अल्लाल ओक्साबोक्शी रडला. दोघं संध्याकाळपर्यंत एकमेकांचा हात धरून बसले. सकाळी काफिला निघाला, आणि शुऐबला जावंच लागलं. कैरोत त्याची नातवंडं होती. ती त्यांची शेवटची भेट.

मी आजही तोच आहे, एकाने कमी नाही की जास्त नाही. माझा संशय आला तर खुशाल पुन्हा बेरीज करा. हजार वर्षांनी केलीत तरी मी इथेच असेन. माणूस तेवढा थांबत नाही हो. त्याला वेळेवर विचारा, ‘बाबा रे, तू काय लिहिलं होतंस?’