मास्तरांचं सोडियम

"बाबा, दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्यात तुम्ही!"

मास्तरांनी टेबलावरच्या सुटाच्या कापडाकडे पाहिलं. शिवणकामाच्या दुकानात बेचाळीस वर्षं कात्री चालवली, असं कधी झालं नव्हतं.

"घरी जा आता," मुलगा म्हणाला. "वय झालं."

वय काही महिन्याभरात होत नाही. महिन्यापूर्वी झालं होतं ते एवढंच, की बायको गेल्यावर मास्तर जेवेनात, झोपेनात, म्हणून डॉक्टरांनी उदासीवर गोळी सुरू केली. झोप आली. मग पायाखालची जमीन कलायला लागली. मुलाने परस्पर डॉक्टरांना विचारून डोस वाढवून आणला.

पुढचे नऊ दिवस मास्तरांकडे नाहीत. ते लोकांकडून ऐकलेले.

सून: "मला 'अगं' म्हणून हाक मारली. सासूबाईंना म्हणायचे ना, तस्संच."

शेजारी: "भरदुपारी बनियनवर गल्लीत उभे. म्हणे, ट्रायलचं गिऱ्हाईक यायचंय."

मुलगा: "डोक्यावर परिणाम झालाय. कुणाला बोलू नका हं." (हे त्याने दर गिऱ्हाइकाला सांगितलं.)

दहाव्या दिवशी मास्तर न्हाणीघरात पडले. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"या वयात या गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. तोल जातो, माणूस बरळतो. गोळी सुरू केल्यावर रक्त तपासलं होतं?"

मुलगा छताकडे पाहू लागला.

सलाइन लागलं, गोळी बदलली. चौथ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं?"

"छे हो काका! औषधाने झालं ते."

मास्तर दुकानात परतले, तर टेबलापाशी कापड कापायला नवा कटर उभा. मुलाने त्यांच्या पुढ्यात बटणांचा डबा सरकवला.

कटरने मखमल अंथरली.

"अरे, एका तुकड्याची लव उलटी येतेय," मास्तर म्हणाले. " एक बाजू काळपट दिसेल."

कटरने मुलाकडे पाहिलं. मुलाने डोळ्यांनीच सांगितलं, काप तू.

आठवड्याने एक बाई मखमली जाकीट घेऊन तावातावाने आल्या. "एक बाजू उजळ, एक काळपट! कुणी कापलं हे?"

"बाबांनी," मुलगा आवाज उतरवून म्हणाला. "तुम्हाला माहीतच आहे त्यांचं."

मास्तर उठले. "मी नाही कापलं."

बाईंचा राग लगेच ओसरला. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "असू – दे – हं – आजोबा."

कटर मान खाली घालून खडूच्या रेघा ओढत होता. मास्तरांना सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं.