डावा कान

कॅप्टन सैन्यात साधे शिपाई होते. बढती त्यांना बाजारानं दिली, तीही परस्पर, आणि नाकारायची सोय ठेवली नाही. लढाईत ते टेलिफोनच्या तारा ओढत. एक तोफगोळा जवळच फुटला आणि कॅप्टन घरी आले ते डाव्या कानानं ठार बहिरे होऊन. आल्यावर त्यांनी शिलाई मशीनचं दुकान टाकलं. जुनी गिऱ्हाइकं न सांगता उजवीकडे उभी राहत. डावीकडून बोलणारा नवखा विक्रेता मात्र घसा कोरडा करून रिकाम्या हातानं परत जाई.

घरी बायको मुद्दाम डावीकडे बसायची. जे सांगायचं ते उजव्या कानाला. जे सांगायचं नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही, ते डाव्याला. शेंगा सोलता सोलता ती तिथं मन मोकळं करी. सासूबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, खुद्द नवऱ्याबद्दलसुद्धा. भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं. इथं अधूनमधून मान तरी हलायची.

गोची अशी झाली, की दोनेक वर्षांनी तो कान हळूहळू परत आला. एका दुपारी मशीनला तेल देताना डाव्या बाजूनं टकटक ऐकू आली आणि कॅप्टन दुकान तसंच टाकून लगबगीनं घरी गेले. आता सांगणार, तोच बायको शेजारी टेकली आणि पुटपुटली, "स्वयंपाकघरात अंधारानं जीव नकोसा होतो. पण या माणसाला काय सांगायचं, आधीच वाकलाय." कॅप्टननी उघडलेलं तोंड मिटलं. आठवडा उलटायच्या आत गवंडी आला आणि भिंतीत खिडकी पाडून गेला. बायको इतकी खूश झाली, की सांगायचं ते राहूनच गेलं.

पुढचा सगळा संसार त्या कानावर चालला. तिला माहेरची आठवण यायची आणि कॅप्टनना नेमकं त्याच गावी काम निघायचं. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, न बोलता ओळखतात. मुलगा मोठा झाला, दुकान बघू लागला, सून आली. कॅप्टन नव्वदीला टेकले.

आणि गेले काही महिने बायको गप्प झाली. शेजारी बसे, शेंगा सोली, पण अवाक्षर नाही. वळून बघायची चोरी, कारण बघितलं की ती सावध होणार. कॅप्टन अंदाजानं चाचपडू लागले. आरामखुर्ची आणली, तिच्यावर धुतलेले कपडे पडले. शाल आणली, ती सुनेच्या अंगावर दिसली. आपलं चुकलं तरी काय? या वयात रुसवा परवडत नाही. त्यांना जेवण जाईना.

कानातला मळ काढायला म्हणून मुलानं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कान तपासले. "आजोबा, उजवा ठीक आहे. डाव्यात काहीच उरलेलं नाही."

"तो लढाईतच गेला," मुलगा म्हणाला.

कॅप्टनना उलगडा झाला. म्हणजे ती गप्प झालीच नव्हती. रोज बोलत होती आणि ते सगळं वाया जात होतं. वाटेत त्यांना फार वाईट वाटलं. आता तिचं ऐकायचं तर खरं सांगावं लागणार होतं, आणि सांगितल्यावर ती बोलेलच याचा भरवसा नव्हता.

संध्याकाळी ती येऊन डावीकडे बसली. कॅप्टननी आपली खुर्ची उचलली, तिच्या पलीकडे ठेवली आणि उजवा कान तिच्याकडे येईल असे बसले.

"हे काय नवीन?"

"डावा कान गेला."

"अहो, त्याला जमाना झाला."

"आत्ता गेला. मधे होता."

तिचे हात थांबले. एकेक जुनी गोष्ट तिच्या चेहऱ्यावर येऊन जात होती.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"लबाड माणूस," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "मुलगा तान्हा होता, तेव्हाचंही?"

कॅप्टननी मान हलवली. लढाईवर गेला तो परत आलाच नाही, हा कोणी दुसराच माझ्या घरात जेवतोय, असं ती तेव्हा म्हणाली होती. खोटं नव्हतं ते. कॅप्टन तेव्हा दिवस दिवस बोलत नसत. लढाईआधी ते जेवताना तिला हसवायचे. ती तसं म्हणाल्यावर ते पुन्हा हसवू लागले, आधी नुसतंच ओढूनताणून.

"राग नाही आला मला," कॅप्टन म्हणाले. "पण लढाईवर गेलेला तो परत आला की नाही, ते तू कधी बोललीच नाहीस. मी वाट बघत होतो."

"बोलले की. याच उन्हाळ्यात बोलले."

"मला ऐकू नाही आलं गं. परत सांग."

"आता नाही जमायचं." तिनं डोळे पुसले. "तुम्ही ऐकताय हे कळल्यावर कसं बोलू?"

कॅप्टननी थोडा विचार केला. मग ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले, काहीच ऐकू येत नसल्यासारखे, वर्षानुवर्षं बसत आले तसे. तिनं पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळानं ती त्यांच्या उजव्या कानाकडे झुकली.

"आला," ती पुटपुटली. "कधीचाच आलाय."