काळ्या रंगाखालचं क्रोम

“बाबा, तुमच्या क्रोममध्ये सगळं जग दिसतं हो, गाडीच तेवढी दिसत नाही!” लेक म्हणाली आणि तिनं हेडलाइटचं कव्हर, आरशांच्या दांड्या, सायलेन्सरवरची पट्टी असं एकेक म्हाताऱ्याच्या पुढ्यात आणून ठेवलं. “काळी केली की बघा कशी उठून दिसेल.”

म्हाताऱ्यानं कारखान्यात एकतीस वर्षं क्रोमला पॉलिश मारलं होतं. ही लांबलचक, बुटकी क्रूझर मोटरसायकल त्यानं भंगारातून उचलली आणि तिचा भाग न् भाग स्वतःच्या हातानं लखलखीत केला. आता गुडघे साथ देईनात, म्हणून गाडी लेकीला दिली. दिली म्हणजे दिली, असं तो चारचौघांत म्हणे. पण दिलेली वस्तू लोक आपल्या मनासारखी वापरतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“क्रोमवर गंजाचा ठिपका उठला की लगेच दिसतो,” तो म्हणाला. “काळ्याखाली गाडी सडली तरी पत्ता लागत नाही.”

“आणि रोज उठून पुसत कोण बसणार? मला सातला हॉस्पिटलात ड्यूटीवर हजर व्हायचं असतं.”

 म्हाताऱ्यानं पॉलिशपेपर उचलला आणि तो कामाला लागला.

रंगारी दुपारी यायचा होता. त्याआधी सगळं घासून खरबरीत करायला हवं होतं, कारण गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही. घोडं पेंड खात होतं ते इथंच. हात जरा आखडता घेतला, तर वर्षाच्या आत काळ्याचे पापुद्रे सुटतील, खालून क्रोम डोकं वर काढेल आणि खापर फुटेल रंगाऱ्याच्या माथ्यावर. बाकीचे भाग त्यानं नीट घासले. हेडलाइटच्या कव्हरवर मात्र पॉलिशपेपर नुसता फिरवल्यासारखा केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं अंगचोरपणा केला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला गंमत वाटत होती.

रंगारी आला. भाग चाचपायला त्यानं हात पुढे केला, तशी लेक हसली.

“ते काय बघताय काका? बाबांनी घासलंय. त्यांच्या हातचं काम आजवर कुणी तपासून घेतलं नाही.”

रंगाऱ्यानं मान डोलावली आणि न बघताच सगळं खोक्यात भरायला लागला.

म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “थांब,” तो म्हणाला. “ते कव्हर दे इकडं.”

“का हो मामा, काही राहिलं का?”

“राहिलंय. मीच ठेवलं होतं.”

लेकीनं त्याच्याकडे पाहिलं आणि खोक्यातलं कव्हर काढून त्याच्या हातात दिलं. तो पाण्याची बादली घेऊन उंबऱ्यावर बसला. कव्हरात त्याचा चेहरा होता. पेपर फिरत गेला तशी आधी हनुवटी गेली, मग मिशा, मग नाक. डोळ्यांपाशी हात जरासा अडखळला. मग त्यानं पेपर पुन्हा पाण्यात बुडवला आणि तिथंही जोर देऊन घासलं.