नवसाबाईच्या कोपऱ्यातले देव

नाशिक रोडच्या बाजारचौकात समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर दोन हारवाल्या बसायच्या. इकडे कुसाबाई, तिकडे नवसाबाई.

कुसाबाईचा कोपरा म्हणजे आरसा. वीस वर्षांत तिच्या पाठच्या भिंतीवर थुंकायची कुणाची छाती झाली नव्हती. कुणी गाल फुगवून नुसता जवळ आला तरी ती अशा शेलक्या शिव्या हासडायची, की गडी तोंडातलं गिळूनच पुढे जायचा. नवसाबाई म्हणजे गरीब गाय. तिच्या भिंतीवर पिचकाऱ्या, पायथ्याला बाटल्या, दिवेलागणीला टवाळांची बैठक. बिचारी नाकाला पदर लावून हार गुंफायची.

मग पालिकेने चौक सुधारायला घेतला. दिवे लावले, टवाळांचा कट्टा फोडला, थुंकणाऱ्याला दंड सुरू केला. आणि जिथे घाण सगळ्यात जास्त, तिथे देवांच्या टाइल्स बसवल्या. देवावर थुंकणार कोण? नवसाबाईच्या भिंतीवर गणपती आला, साईबाबा आले, सप्तशृंगी आली, आणि टवाळ पांगले.

इथवर कुसाबाईचं काही म्हणणं नव्हतं. पण आठवडाभरात कुणी तिथे उदबत्ती खोचली, कुणी नारळ फोडला, आणि येणारा-जाणारा चपला काढून हात जोडायला लागला. आता देवापुढे रिकाम्या हाताने कसं जायचं? शेजारी नवसाबाईची टोपली होतीच. ओझरच्या कारखान्यात जाणारे कारभारी मिस्त्री वीस वर्षं दर गुरुवारी कुसाबाईकडून हार न्यायचे. तेसुद्धा एका गुरुवारी मान खाली घालून रस्ता ओलांडून गेले.

कुसाबाईच्या अंगाची नुसती लाही झाली. तिकडे घंटी वाजली की इकडे ही हाराचा दोरा कचकन तोडायची. सफाईचा मुकादम पुंजाराम फेरीवर आला, तेव्हा तिने त्याला धरलंच.

"झाडलं म्या, भांडले म्या, अन् देव गेले उकिरड्यावर! माझ्याबी भिंतीला लाव की दोन टाइल."

"मावशी, टाइल घाणीला असती," पुंजाराम हसला. "तुझ्या भिंतीपाशी तर पंगत बसवावी. तिथं काय लावू?"

तो गेला आणि ते बोलणं मात्र हिच्या डोक्यात बसलं. घाण पाहिजे होय? बरं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाजार पेंगत असताना, जन्मात पानाला न शिवलेली ही बाई टपरीवरून पान घेऊन आली. चावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्याच भिंतीवर थुंकली. पहिल्यांदा शरमेने कान तापले. तिसऱ्या दिवशी तेही तापेनात. मग काय, लाल भिंत दिसली की लोकांचंही तोंड सुटतं. एका रिक्षावाल्याने येऊन तिच्या देखत पिचकारी मारली. कुसाबाईने शिवी द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कुठल्या तोंडाने देणार?

आठ दिवसांत भिंत ओळखू येईना. सोमवारी दुपारी, पान नुकतंच थुंकून झालेलं, तोच पुंजाराम आला. मधोमध खंडोबा घ्यायचा, हे कुसाबाईने मनात ठरवून ठेवलेलं. पण त्याच्या हातात टाइल नव्हती, कागद होता.

"टाइलचं काम संपलं, मावशी. आता नवा नियम हाय. ज्याच्या पाठीमागं घाण, त्याची जागा रद्द. उद्या टोपली उचल."

कुसाबाईने टोपली दोन्ही हातांनी धरून ठेवली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. या जागेवर तिने दोन पोरी उजवल्या होत्या. दुसरी जागा नाशकात तिला देणार कोण?

तेवढ्यात हातात बादली नि ब्रश घेऊन नवसाबाई रस्ता ओलांडून आली. "मुकादम, ताईंचा काय दोष? एक दारुडा रोज दुपारी येऊन थुंकतो. मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय. कुठं सही करू सांगा."

जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती बोलली आणि चाचरलीही नाही. पुंजारामने एकदा समोरच्या देवांकडे पाहिलं. देवांपाशी बसणारी बाई खोटं कशाला बोलेल, असं त्याला वाटलं असावं. "आजच्या आज भिंत धुवा," म्हणत त्याने कागद खिशात घातला आणि गेला.

नवसाबाई भिंत घासायला लागली. वळून न बघता हळूच म्हणाली, "ताई, आधी चूळ भरून या. ओठ लाल हायेत तुमचे."

म्हणजे हिने सगळं पाहिलं होतं. आठही दिवस.

कुसाबाईने चूळ भरली, परत आली आणि ब्रश हिसकावला. "दे इकडं. माझी भिंत मी घासते."

नवसाबाईने ब्रश दिला आणि आपल्या टोपलीपाशी जाऊन बसली. कुसाबाई घासत राहिली. खरं तर जाऊन त्या बाईचे पाय धरायला हवे होते, पण पाय उचलेनात. तिच्या जागी आपण असतो तर मुकादमाला खरं तेच सांगितलं असतं, आणि आनंदाने सांगितलं असतं, हे कुसाबाईला पक्कं ठाऊक होतं. देव, हार, गिऱ्हाईक, कशावरूनही ती नवसाबाईवर इतकी जळली नव्हती.